बूटला दोनशे एमबी

आमच्या ह्यांचा जागेवर भारी जीव. म्हणजे वापरण्यावर नाही, वाचवण्यावर. कपाटात माझ्या कपड्यांना एकच खण, आणि त्यातही ह्यांच्या जुन्या पँटी. कारण दुसरी खोड अशी, की हा माणूस काही म्हणजे काही टाकून देत नाही. जागा द्यायची नाही आणि अडगळ काढायची नाही. असल्या माणसाबरोबर मी संसार केलाय, मला कुणी काही शिकवू नये.

हे नाट्यगृहात दिवेवाले. रंगमंचावरचे सगळे दिवे एका जुन्या संगणकावरून चालतात आणि त्यावर लिनक्स ह्यांनी स्वतः बसवलंय. बसवताना डिस्कवर बूटचा वेगळा भाग करतात. चालू होताना संगणक तिथून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलतो, मग बाकीचं घर जागं होतं. माझा भाऊ संगणकाच्या धंद्यातला. तो म्हणाला, "भावोजी, बूटला एक जीबी ठेवा आणि फाइलसिस्टिम एक्स्ट-फोर घ्या. ती प्रत्येक बदलाची नोंद ठेवते, मध्येच वीज गेली तरी सावरते."

"नोंदीला जागा जाते," हे म्हणाले. दोनशे एमबी दिली आणि वर जुनीपुराणी एक्स्ट-टू चढवली. भाऊ कपाळाला हात लावून गेला.

अपडेट आलं की नवा कर्नल यायचा, पण जुना काही ह्यांच्याने काढवेना. "असू दे, अडीअडचणीला."

त्यात ह्यांच्याच नाट्यगृहात माझं नाटक आलं. लग्नानंतर पहिल्यांदाच मुख्य काम. शेवटी मुलाला निरोप देताना आईने रडायचं, आणि मला रडू म्हणून येत नव्हतं. दिग्दर्शिका बाईंनी बजावलं, ह्या वेळी नाही जमलं तर पुढे मावशीबिवशीची कामं करा. ह्यांनीच तोड काढली. "तेव्हा गडद निळा उजेड टाकतो. तुझा चेहराच दिसणार नाही." मला हायसं वाटलं.

प्रयोगाच्या दुपारी, ऐन वेळी घोळ नको म्हणून, ह्या शहाण्या माणसाने अपडेट करायला घेतलं. बूट तुडुंब भरला, नवा कर्नल अर्धाच उतरला आणि सगळं अडकलं. ह्यांनी घाबरून बटण दाबून संगणक बंद केला. परत लावला तर उठेना.

मी तोंडाला रंग लावून ह्यांच्या दिव्यांच्या केबिनच्या दारात उभी. "आता घाला चुलीत ती दोनशे एमबी," मी म्हटलं. ह्यांनी पेनड्राइव्हवरून संगणक उठवला, बूटचा भाग तपासून दुरुस्त केला. नवा कर्नल गेलेला, मधला बिघडलेला. सगळ्यात जुना तेवढा मुकाट चालू झाला. पण रंगीत दिव्यांची पेटी त्याच्यानंतर घेतलेली, तिची त्याला ओळखच नव्हती. फक्त पांढरे दिवे लागले.

"आणि निळा?"

"नाही गं," हे म्हणाले. "तुला उजेडातच करावं लागणार. माझ्यामुळे."

शेवटचा प्रवेश आला. भक्क पांढऱ्या उजेडात मी उभी, लपायला बोटभर जागा नाही. संतापून वर केबिनकडे पाहिलं. काचेमागे हे संगणकाच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. बघत मात्र माझ्याकडे होते, आणि चेहरा एवढासा झालेला. ह्या माणसाचा मला इतका राग आला आणि त्याच वेळी इतकी माया दाटली, की वाक्य अर्ध्यावरच राहिलं आणि मी ढसाढसा रडले. 

"हे तालमीत का नाही केलंत?" पडदा पडल्यावर दिग्दर्शिका बाईंनी विचारलं. काय सांगणार, कप्पाळ?

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सगळं नव्याने बसवायला घेतलं. माझ्याकडे न बघताच विचारलं, "बूटला किती ठेवू?"

"एक जीबी. आणि एक्स्ट-फोर."

"बरं. तो जुना कर्नल आता काढून टाकतो."

"हात तर लावून बघा त्याला," मी म्हटलं.