धारच्या हंड्यात समुद्राचे पाणी

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी हिशेबी माणूस. बाजारातला गूळसुद्धा घरी पुन्हा तोलून घेतो. ही हकीकत आठवली की आजही मला भीती वाटत नाही... किळस येते.

पहिले महायुद्ध चालू होते. मी देवासहून धारला माझ्या मुलीच्या, यमूच्या, सासरी गेलो होतो. जावई दामोदर कंपाउंडर. आजारी सैनिक नेणाऱ्या स्टीमरवर, भूमध्य समुद्रात. घरात यमू, विहीणबाई आणि दामोदरचे चुलते.

सकाळी यमूने परसातल्या विहिरीचे पाणी भरले, घोटभर प्यायली आणि थुंकली.

"अप्पा, हे बघा!"

मी चाखले. खारट, अगदी कडू म्हणावे इतके. वर काळा तवंग, कापसाच्या जिनिंगमधल्या एंजिनाच्या तेलासारखा घाण वास. शेजारी त्याच विहिरीचे पाणी पीत होते, त्यांचे गोड! हंडा चिंचेने घासला, मी स्वतः पाणी शेंदले... पुन्हा तेच.

मग मी स्वभावाप्रमाणे शेरभर पाणी कढईत आटवले आणि उरलेले मीठ तोलले. तीन तोळे!

"विहिरीच्या पाण्यात एवढे मीठ नसते," मी म्हणालो. "हे समुद्राचे दिसते."

एवढेच बोललो आणि विहीणबाईंनी हंबरडा फोडला, "माझा दामू बुडाला हो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो पडवीत न्हावी वस्तरा परजत बसलेला, आणि यमू पाटावर, केस मोकळे सोडलेले. ती रडतही नव्हती.

"तार आली? पत्र आले?" मी ओरडलो.

चुलते सुपारी कातरत म्हणाले, "तार कशाला हवी? मीठ तुम्हीच तोललंत ना, देवासकर? आता लेकीचे केस तोलत बसू नका."

बोलावले म्हणून आलो, असे आपल्या माळवीत म्हणत न्हावी बिचारा उठला. "म्हके तो बुलायो जदी आयो, बाबूजी..."

मी यमूचा हात धरला, होती तशी टांग्यात बसवली आणि देवास गाठले.

पुढे दामोदर परतला. एका कानाने बहिरा, पण जिवंत.

"आम्हाला बुडवणारी सबमरीन आम्ही पाहिलीच नाही," तो सांगत होता. "पाण्याखालून येते, बंदराच्या तोंडाशी सुरुंग पेरते आणि निघून जाते. वरून सैन्य जाणार की आजारी, बघायलाही थांबत नाही. स्टीमर फुटली... तेलाचे पाणी नाकातोंडात गेले. अजून अन्नाला तोच वास येतो."

मी तारखा ताडून पाहिल्या. आमचे पाणी खारट झाले त्या दिवशी स्टीमर अजून वाटेतच होती. सुरुंग मात्र, त्याचे साहेब म्हणत, त्याच दिवशी पेरले असावेत. ती बुडाली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

"म्हणजे न्हावी दारात आला तेव्हा?" यमूने विचारले.

दामोदर म्हणाला, "डेकवर बसून भात खात होतो."

समुद्र धारला कसा आला, आणि तोही एक दिवस आधी, हे मला आजतागायत उलगडलेले नाही. कोणी सांगितले तर ऐकेन.

विहीणबाईंनी मात्र स्टीमर बुडाल्याचे पाण्याने खरे सांगितले म्हणून देवीची ओटी भरली आणि आमच्याकडे पेढ्यांचा डबा पाठवला. यमूने तो न उघडताच परत दिला.