दाबणारं औषध

त्या वर्षी पेंटरने सगळ्यात जास्त वेळा रंगवलेला शब्द म्हणजे प्रतिकारशक्ती. औषधांच्या दुकानांवर, शाळेच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर, जिथे जागा दिसेल तिथे 'प्रतिकारशक्ती वाढवा'. साथीमुळे बाकीच्या पाट्यांची कामं बसली होती, या एका शब्दाने त्याला तारलं. 'क्ती' तो अशी झोकात काढायचा की जाणाऱ्याने मान वळवून बघावं. आता, एखादा शब्द माणूस रोज दोन फूट उंच काढायला लागला की त्याचा त्यावर विश्वास बसतो. पेंटरचा बसला. घरी बायकोला तो गोळ्या आणि चूर्णं द्यायचा, वर व्याख्यानही झोडायचा. ती शाळेचे गणवेश शिवायची. मशीन न थांबवता म्हणायची, "अहो, भिंतीवरचं भिंतीवर राहू द्या. मला बाह्या लावायच्यात."

आजार मात्र तिलाच धरून बसला. पेंटरला नुसती कणकण आली आणि गेली. तिला आठव्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. आत कुणाला सोडत नव्हते, फोनही नेऊ देत नव्हते. पेंटर जिन्याखालच्या बाकावर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण डॉक्टरीण कागद घेऊन खाली आली. तिच्या नाकावर मास्कचे वळ उठले होते.

"काका, विषाणूचं काम होऊन गेलंय. आता त्यांची स्वतःचीच प्रतिकारशक्ती फुफ्फुसांवर उलटलीये. स्टेरॉइड चालू आहे, पण भागत नाहीये. प्रतिकारशक्ती दाबणारं एक इंजेक्शन आहे. सही लागेल."

"दाबणारं?"

"हो, दाबणारं."

तिने 'आवरणारं' म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण तीन दिवस पाठ न टेकलेल्या माणसाने शब्द निवडत बसावं, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

"हमखास गुण येतो का?"

"हमखास नाही. काहींना येतो. दुसरा एखादा जंतुसंसर्ग होण्याचीही भीती असते. पण त्यांचा ऑक्सिजन सारखा वाढवावा लागतोय. द्यायचं तर आजच. उशीर झाला की उपयोग कमी होत जातो."

पेंटरने मेव्हण्याला फोन लावला. बायकोचा हा भाऊ साथीच्या काळात फोनवर येईल ते वाचून दीड शहाणा झाला होता.

"भावजी, अख्खं जग शक्ती वाढवतंय आणि हे दाबायला निघालेत? माणसांवर प्रयोग चाललेत. सही करू नका, सांगून ठेवतो."

झालं. पेंटर डॉक्टरणीला म्हणाला, "विचार करून सांगतो." आणि त्याने दोन दिवस विचार केला. ती रोज दोनदा येऊन विचारून गेली. स्वतःच्या हाताने बायकोची ताकद काढून घ्यायची, हे त्याच्या गळी उतरेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला व्हेंटिलेटरवर घेतलं. तेव्हा पेंटर धावत वर गेला आणि दारातच सही केली. इंजेक्शन दिलं. पाच दिवसांनी ती गेली.

मेव्हण्याने हात वर केले. "मी आपला सल्ला दिला, भावजी. सही तुमची होती." पेंटरने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यानेही काही फरक पडला नाही.

पंधरा दिवसांनी पेंटर तिचं सामान घ्यायला गेला. डॉक्टरीण जिन्यात भेटली. तो म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी सही केली असती तर?"

ती म्हणाली, "काका, शंभर जणांना दिलं तर तीन-चार जीव जास्त वाचतात. त्या त्यांतल्या असत्या का, हे कुणालाच सांगता येणार नाही."

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती हात जोडून वर निघून गेली.

सामान सिस्टरने आणून दिलं. पिशवीत चष्मा, कंगवा आणि चपला होत्या. सिस्टर बोलकी होती आणि नवीन होती, कुणाशी काय बोलू नये हे तिला अजून कळत नव्हतं.

"फार शांत होत्या हो तुमच्या बाई. डॉक्टरांनी इंजेक्शनचं त्यांनाही समजावलं होतं. लगेच हो म्हणाल्या."

"मग दिलं का नाही?"

"आमच्याकडे नातेवाइकाची सही लागते ना. त्या म्हणाल्या, ते नाही म्हणायचे नाहीत. दोन दिवस सारखं विचारत होत्या, आले का सही करायला?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"वाईट वाटू नये म्हणून सांगितलं, बाहेरगावी अडकलेत, निघालेत, पोचतीलच."