मिनिटाला अठराशे वेळा

कळंबच्या धर्माजींची पौर्णिमा चिडली की आधी तिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, मग आवाज खाली उतरतो. ऑफिसात फोन घेणाऱ्या रूपालीला हे ठाऊक होतं. शनिवारी सकाळी त्या पाळ्या बघून तिनं आपली खुर्ची हळूच मागं सरकवली.

माथेरानच्या साठेक हॉटेलांच्या खोल्या बुक करायची साइट नेरळच्या या ऑफिसातनं चालायची, आणि तिचा सर्व्हर पौर्णिमा सांभाळायची. धर्माजींनी त्या डोंगरावर जन्मभर हातरिक्षा ओढली. लेकीनं डिप्लोमा केला, ऐरोलीत चार वर्षं नोकरी केली, आणि आईला दिसेनासं झालं तशी गावी परत आली.

आज साइटचं पान उघडायला पंचवीस सेकंद लागत होते. गिऱ्हाइकं वैतागून निघून जात होती. आणि मालक किशोरशेठनं हॉटेलवाल्यांच्या ग्रुपवर लिहून टाकलं होतं, ‘पौर्णिमाच्या हातनं काम होत नाय. सोमवारी दुसरा माणूस बघतो.’

"शेठ, आधी मला तर विचारायचं!"

"काय विचारू गं? सकाळपास्नं शिव्या मी खातोय! म्हणून म्हटलं सर्व्हरला दुप्पट ताकदीची मशीन भाड्यानं घे. घेतलीस ना दहा वाजता?"

"घेतली. पडला फरक?"

शेठनं आपल्या फोनवर साइट उघडून बघितली. पान अजून पंचवीस सेकंदच घेत होतं.

पौर्णिमा स्क्रीनकडं वळली. मशीन तर निवांत होती, अर्धी ताकदही वापरात नव्हती. मग अडलंय कुठं? तिनं डेटाबेस उघडला. तिथं एका वेळी वीस जणांनाच आत घ्यायची सोय, आणि वीसच्या वीस जागा भरलेल्या. बाकी सगळे बाहेर ताटकळत. आत कोण बसलंय? एकच सवाल, पुन्हा पुन्हा : खोल्या किती शिल्लक? आणि तेवढ्या उत्तरासाठी साइट सुरू झाल्यापासूनची सगळी बुकिंगं दर वेळी पहिल्यापासून मोजली जात होती.

विचारणारे होते साठ मोबाइल, शनिवारच्या गर्दीमुळं आज सगळे एकदम. दर दोन सेकंदांनी. मिनिटाला अठराशे वेळा.

डोंगरावर गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर गिऱ्हाईक गाठायला उभे असलेले हॉटेलांचे एजंट! शेजारच्याच्या आधी आपल्याला आकडा दिसावा म्हणून ते पान दिवसभर उघडं ठेवून असतात. पण ते आपोआप ताजं, म्हणजे रिफ्रेश, करायची सोय तिनं कधी दिलीच नव्हती. तिनं कोडमधली तारीख बघितली. मंगळवार, दुपारचे तीन. त्या वेळी ती कर्जतला दवाखान्यात होती. आत तिच्या आईच्या, पारूबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन चाललं होतं.

"शेठ, मंगळवारी माझ्या सर्व्हरला हात कुणी लावला?"

"अगं, ते एजंट लय मागं लागलेले. बदलापूरच्या एकाकडनं घेतलं करून. दोन ओळी तर हायत!"

"या दोन ओळींनी साइट बसली. आणि नाव माझं घेतलंत!"

"आवाज कुणावर चढवतेस?"

आवाज चढलेला नव्हताच, खाली उतरला होता. रूपालीनं फोन बाजूला ठेवला.

पौर्णिमानं आधी काम उरकलं. आपोआप ताजं होणं मिनिटाला एकदा केलं, आणि शिल्लक खोल्यांचा आकडा एकदा मोजून बाजूला ठेवायची सोय केली, म्हणजे विचारणाऱ्याला तोच मिळेल. वीस जागा भराभर मोकळ्या झाल्या. पान एका सेकंदात उघडायला लागलं.

शेठनं लगेच ग्रुपवर लिहिलं, ‘टेक्निकल प्रॉब्लेम होता. मिटला.’

"सकाळी पौर्णिमा होती, आता टेक्निकल झालं?"

"झालं ना आता? सोड की. राग कसला धरतेस!"

तिनं स्वतःचा फोन उचलला आणि त्याच ग्रुपवर लिहिलं : ‘मी आईच्या ऑपरेशनला रजेवर असताना शेठनी मला न सांगता बाहेरच्या माणसाकडून साइटमध्ये बदल करून घेतला. त्यानं साइट अडकली. मी ती दुरुस्त केली आहे. पौर्णिमा.’ खाली कोडमधल्या मंगळवारच्या तारखेचा फोटो जोडला आणि पाठवून दिलं.

"डिलीट कर ते!" शेठ उठून उभे राहिले. "सोमवारपास्नं येऊ नको!"

"येणार. काढायचं तर कारण लेखी द्या. ग्रुपवरच लिवा, सगळ्यांना कळू दे."

शेठचा फोन वाजायला लागला. एक हॉटेलवाला, मग दुसरा. "अहो भिवाजीशेठ, ऐका तर..." म्हणत ते जिन्याकडं गेले.

"ताई, पाणी घे," रूपाली म्हणाली.

पौर्णिमानं पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. मग बदलापूरच्या माणसाला दिलेला पासवर्ड तिनं बंद करून टाकला.