दोन बाजारांचं बेट आणि चाचांचा सैल स्क्रू

घडलं ते असं:

१. मोबाइलच्या दुकानांत फक्त सौदींनीच काम करायचं, असा नियम आला. अल-खोबरमध्ये अठरा वर्षं फोन दुरुस्त करणारे माझे अनवरचाचा घरी बसले.
२. सायप्रसच्या उत्तर भागात दुकान स्वस्तात मिळतं, असं एका जुन्या गिऱ्हाइकाने त्यांना सांगितलं.
३. मी इंजिनियर. घरच्यांनी मला सोबत पाठवलं.
४. चार दिवस फिरलो.
५. दुकान मिळालं. घ्यायचं की नाही, ते ठरलेलं नाही.

आता सविस्तर.

टॅक्सीने पूल ओलांडून बहरीन, तिथून विमानाने दक्षिण सायप्रसमधलं लारनाका. निघण्याआधी सौदीत परतायचा व्हिसा तपासा आणि सायप्रसचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच घ्या. कारण हे एक बेट असलं तरी बाजार दोन आहेत. दक्षिणेत ग्रीक बोलणारे लोक आणि युरो. उत्तरेत तुर्की बोलणारे लोक, लिरा आणि तुर्कस्तानशिवाय कोणीच न मानलेलं सरकार. थेट उत्तरेच्या विमानतळावर उतरू नका, दक्षिणवाले तो बेकायदा प्रवेश धरतात.

गाड्या मात्र दोन्हीकडे डाव्या बाजूने चालतात. चाचा रस्ता ओलांडताना सौदीतल्या सवयीने उलट्या दिशेला बघायचे आणि हॉर्न ऐकून म्हणायचे, "श्रीवर्धनसारखंच आहे गो. मीच बिघडलोय."

दुसरा दिवस निकोसियात, मधोमध सीमा गेलेल्या राजधानीत. बसने तासाभराचा रस्ता. बाजार कसा आहे हे चाचा कुणाला विचारत नाहीत. जुन्या फोनचा एक स्क्रू सैल करून दुकानात देतात आणि काय होतं ते बघतात. दक्षिणेतल्या पहिल्या दुकानदाराने फोन हातातही घेतला नाही. "मंगळवारी या." दुसरं दुकान दुपारनंतर बंद. तिसऱ्याने नवा फोन घ्या म्हणून सांगितलं.

"इथे कुणाला भूक नाही," चाचा म्हणाले. मग त्यांनी भाजलेल्या हलुमी चीजची पूर्ण प्लेट संपवली. "पनीरच आहे, मिठात पडलेलं."

तिसऱ्या दिवशी चालत उत्तरेत गेलो. बाजारपेठेतला एक रस्ता मध्येच थांबतो, दोन खिडक्यांवर पासपोर्ट दाखवायचा, आणि तोच रस्ता पुढे सुरू होतो. तेच चीज, फक्त नाव हेलिम. माझ्या फोनची रेंज गेली. दक्षिणेचं सिम इथे चालत नाही, म्हणून ये-जा करणाऱ्यांकडे दोन-दोन फोन असतात. हे कळल्यावर चाचांची चाल बदलली; दुप्पट फोन म्हणजे दुप्पट दुरुस्ती.

गल्लीतल्या एका दुकानात पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणत होते. त्यांनी फोन उघडला, स्क्रूकडे पाहिलं, मग चाचांच्या बोटांकडे. जुन्या ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत म्हणाले, "हा पडून सैल झालेला नाही. तुम्ही किती वर्षं करताय हे काम?"

चाचांना लाजलेलं मी तिथे पहिल्यांदाच पाहिलं. चहा आला. दुकान विकायचं आहे, असं उस्तांनी स्वतःच सांगितलं.

"कफील कोण लागेल?" चाचांचा पहिला प्रश्न. सौदीत परक्याला कामासाठी कफील, म्हणजे स्थानिक जामीनदार, लागतोच; अठरा वर्षांची सवय.

तुर्कीतही हा शब्द आहे. उस्ता हसले. "या अख्ख्या अर्ध्या बेटाला एकच कफील आहे. समुद्रापलीकडे, अंकाऱ्यात."

मी विचारलं, "तुम्ही का विकताय?"

"माझा मुलगा रोज सकाळी पलीकडे जातो, इमारतींच्या कामावर. युरोत पगार. मी नातवंडं सांभाळतो."

"आणि भाडं?"

"पौंडात. इथे सगळ्यांचं पौंडातच असतं."

म्हणजे गल्ला लिऱ्यात, भाडं पौंडात. लिरा घसरला की काही न करता भाडं वाढणार. हे मी बाहेर आल्यावर चाचांना कागदावर आकृती काढून दाखवलं. त्यांनी आकृती नीट पाहिली.

"बरोबर आहे तुझं. पण त्यांनी स्क्रू ओळखला."

चौथ्या दिवशी परत. खोबरला आल्यापासून चाचांची हत्यारांची पेटी आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. आठवड्यात त्यांनी माझा चांगला चालणारा फोन दोनदा उघडला. मी ओरडले नाही. दुकान घेतलं तर काय होईल याचा पूर्ण तक्ता मी केलाय. नाही घेतलं तर, याच्या रकान्यात अजून एवढंच आहे: चाचा, टेबल, पेटी. याला कोणतं एकक लावायचं, मला माहीत नाही.

उस्तांना आम्ही पंधरा तारखेला कळवणार आहोत. उत्तर सायप्रसमध्ये तुम्ही लहान दुकान चालवलं असेल, किंवा चालवणारं कुणी ओळखीचं असेल, तर मला एवढंच सांगा: भाडं लिऱ्यात ठरवून मिळतं का? बारा तारखेपर्यंत खाली लिहा.