ॲसिडकाकांची घामोळी

त्या दिवशी सकाळी आठलाच ऊन अंगावर धावून येत होतं. ॲसिडकाका कामाला निघाले, तर बायकोने दारातच अडवलं.

"अहो, मान बघू. घामोळ्यांनी नुसती लाल झालीय." आणि नको नको म्हणेपर्यंत अर्धा डबा पावडर मानेवर.

प्रयोगशाळेत त्यांनी अंगठी खुंटीला अडकवली, पांढरा डगला चढवला नि आतल्या खोलीत शिरले. काम चोवीस वर्षांचं, एका वाक्यात संपणारं: आकाशातून पडलेला दगड ॲसिडात विरघळवायचा आणि विरघळत नाही ते जपायचं. तळाशी उरते जेमतेम दिसेल एवढी काळी भुकटी. सूर्य जन्मायच्या आधीच्या ताऱ्यांची धूळ. ती ओळखायची मॅग्नेशियमवरून. मॅग्नेशियमचे अणू तीन वजनांचे, आणि पृथ्वीवर कुठेही घ्या, तिघांचा वाटा ठरलेला. ताऱ्याच्या कणात तो वाटा साफ वेगळा. पण इथलं मॅग्नेशियम जरा मिसळलं, की ती खूण बुडालीच.

या खेपेचा दगड चार महिने ॲसिडात होता, आणि त्याचा दुसरा तुकडा जगात नव्हता.

काकांची रीत अशी, की आधी रिकामी कुपी उघडायची, तिच्यात ॲसिडाचा थेंब घोळवून अणूंची वजनं मोजणाऱ्या यंत्राला द्यायचा. यंत्र 'काही नाही' म्हणालं, तरच कणांची कुपी.

"काका, घरी चहाच्या आधी रिकामा कप पिता का हो?" यंत्रवाला रोज विचारायचा. आज त्याने विचारलं नाही. रिकाम्या कुपीत ढीगभर मॅग्नेशियम निघालं, अस्सल इथलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम धावत आल्या. "कणांची कुपी उघडलीत?"

"नाही. हात लावला नाही अजून."

मॅडमनी श्वास सोडला. मग पाणी तपासलं, हातमोजे तपासले. "चोवीस वर्षांत माझ्या खोलीत माशी शिंकली नाही," काका यंत्रवाल्याकडे बघत म्हणाले.

"काका, मानेला पांढरं काय?" मॅडमनी विचारलं.

"घामोळ्याची पावडर. बायकोने लावली. मला आवडत नाही." हे खोटं होतं. सकाळपासून मान थंडगार होती.

"अहो, त्या पावडरीत मॅग्नेशियमच असतं की!"

चोवीस वर्षं ज्याच्याशी वैर धरलं, ते घरात डब्यात बसलंय हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं. "मग कुपी दुसऱ्या कुणाला द्या," ते म्हणाले.

"दुसऱ्याने आधी कणांचीच कुपी उघडली असती. घरी जा, तीनदा अंघोळ करा आणि या."

बायकोने दार उघडलं. "एवढ्यात? काढून टाकलं की काय?"

"अंघोळीला आलोय."

"सकाळी केली ती?"

"ती तू वाया घालवलीस. तुझ्या पावडरीने तारे बिघडतात."

"मानेवर मावत नव्हती तेव्हाच वाटलं होतं मला, जास्त झाली म्हणून," ती म्हणाली आणि पाणी तापवायला गेली.

दुपारी रिकामी कुपी 'काही नाही' म्हणाली. मग काकांनी कणांच्या कुपीचं झाकण फिरवलं. तासाभराने यंत्राने आकडे दिले. सगळ्यात जड अणूंचा वाटा इथल्यापेक्षा कितीतरी पट.

"काका, हा कण सूर्यापेक्षा जुना," मॅडम म्हणाल्या.

काकांची मान खाजत होती. हात अर्ध्यावर गेला, आठवलं, खाली आला. "बरं," ते म्हणाले. मोरीत चाळीस कुप्या धुवायच्या पडल्या होत्या. त्यांनी रिकाम्या कुपीपासून सुरुवात केली.