हळदीकुंकवातलं स्विस चार्डचं वाण

आता काय सांगू, माझी फजिती झाली तीही माझ्याच विषयात! तीस वर्षं शाळेत बायोलॉजी शिकवली हो मी. पानं ओळखण्यात अख्ख्या इंदुरात माझा हात कोण धरणार?

तर सुनेनं बंगळुरूहून कागदाच्या पुडीत बी पाठवलं. फोनवर म्हणाली, "आई, हा स्विस चार्ड. पालकासारखी भाजी होते."

झालं! विजय नगरच्या आमच्या गच्चीवर मी वाफा केला. शेणखत मागवलं इंदूरजवळच्या बेटमा गावाहून, मंजूकडून. मंजू म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी, तिकडे शेतकऱ्याच्या घरी दिलेली. शाळेत पानं ओळखायच्या परीक्षेत मी तिला नापास केलं होतं, आणि घरी येऊन ह्यांनाही सांगितलं होतं.

थोड्याच दिवसांत वाफा हिरवागार! पण मधेमधे काही रोपांचे देठ लालभडक, काहींचे पिवळे. मी ताबडतोब ओळखलं, रोग!

हे म्हणाले, "अगं, सुनेला विचार तरी एकदा."

"तिला काय विचारायचं? घरात बायोलॉजीवाली कोण आहे?"

एकूणएक रंगीत रोप उपटलं आणि गेलं कचरा गाडीत, गील्या, म्हणजे ओल्या कचऱ्यात. नियम म्हणजे नियम! उरलेली रोपं मात्र काय तरारली म्हणून सांगू! कोवळ्या पानांवर पांढरी भुकटी. ती कशासाठी असते, यावर मी ह्यांना वीस मिनिटं लेक्चर दिलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. दरवर्षी त्याच स्टीलच्या वाट्या काय वाटायच्या? मी एकेका मातीच्या कुल्हडात एकेक रोप लावलं. बायका जमल्यावर उभी राहिले नि म्हटलं, "ये अपने इंदौर में किसी के पास नहीं! स्विस चार्ड!"

बायका गार! "बाई गं, फॉरेनचं वाण!" कुणी फोटो काढतंय, कुणी देवघराजवळ ठेवायचं म्हणतंय. मी अशी फुगले!

मंजूही आली होती. तिनं पान उलटं केलं, चुरगळून वास घेतला.

"मॅडमजी, रागावू नका हं... हा तर बथुआ आहे."

"काय?"

"बथुआ! आपला चाकवत. आमच्या गव्हात आपोआप उगवतो, उपटून उपटून जीव जातो. माझ्याच शेणखतातून आला असणार."

अरे देवा! बेटम्याचं तण मी बेटमेवालीलाच वाण म्हणून देत होते!

"मग माझा स्विस चार्ड कुठंय?" मी अजूनही तोऱ्यातच.

मंजूनं मोबाईलवर स्विस चार्डचा फोटो शोधून पुढे धरला. लाल देठ. पिवळे देठ. "अशी रोपं नव्हती का आली?"

माझ्या डोळ्यांपुढे ती कचरा गाडीच उभी राहिली. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि ही पोरगी गालातल्या गालात हसत विचारते, "मॅडमजी, किती मार्क कापू?"

"सगळे काप!" मी म्हटलं. पण खरं सांगते, ऊर भरून आला हो. मी बायकांकडे वळले. "बघितलंत? नुसत्या वासावरून पान ओळखलं! शेवटी शिकवलंय कुणी?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "अगं, तिला तर तू नापास केलं होतंस ना?"