नारळ ठेवून नेलेली पोथी

ती घटना आजही आठवली की आधी हसू येतं आणि मग ऊर भरून येतो. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. मी वाशीमला फौजदार होतो. गावातल्या जुन्या ग्रंथालयातून एक दुर्मिळ हस्तलिखित पोथी नाहीशी झाली आणि पंचमंडळींनी थेट म्हाताऱ्या ग्रंथपालाविरुद्ध फिर्याद दिली. कपाटाची किल्ली त्याच्याच कमरेला, मग दुसरं कोण?

जबानीला बसवलं. ठाण्यात आलेला माणूस आधी स्वतःला वाचवायला बघतो. हा बाबा पोथीचीच काळजी करत होता. "मले आत टाका साहेब, पन पोथी ओलीत नाही ना पडली, तेवढं पाहा."

वर्षातून एकदा तिथे पोथ्यांना ऊन दाखवत. चौकात चादरी अंथरून मांडत, लोक दर्शनाला येत. त्याच दिवशी पोथी गेली होती.

"गर्दीत काही वेगळं दिसलं?"

"काही नाही. कोनीतरी चादरीवर नारळ ठेवला होता. फोडून प्रसाद वाटला."

मी ते लिहून घेतलं आणि सोडून दिलं. पंच अटकेसाठी डोक्यावर बसले होते. एकदा बेडी पडली असती तर निर्दोष सुटूनही म्हाताऱ्याला गावात कोणी उभं केलं नसतं.

तेवढ्यात मेडशीचा पोलीस पाटील हजेरीला आला. खबरबात देताना म्हणाला, एका शेतकऱ्याकडे पोथी लागली आहे, रोज वाचन चालतं, "लय जुनी, हातानं लिव्हेल."

"त्याच्याकडे आली कशी?"

"जशी येते तशी. आमच्या गावात पोथी घरोघर फिरते. एका घरी झाली का दुसऱ्यानं तिच्या जागी नारळ ठेवावा अन् पोथी न्यावी."

मी कपाळावर हात मारला. पुरावा तर प्रसाद म्हणून वाटला गेला होता.

ग्रंथपालाला घेऊन मेडशी गाठली. शेतकरी वाचत बसला होता. "चोरी कायले करू साहेब? भर दुपारी, सगळ्याईसमोर नारळ ठेवून आनली."

ग्रंथपालाने पानं तपासली. एकही फाटलं नव्हतं. त्याचे डोळे वाहू लागले. मी जप्तीसाठी हात पुढे केला, तर त्यानेच अडवलं. "दोन अध्याय राह्यले साहेब. होऊ द्या." आणि ज्याच्यापायी तो तुरुंगात जाणार होता, त्याच्याच शेजारी ऐकायला बसला. मीही बूट काढले.

फिर्याद निकाली निघाली. पुढे संपूर्ण नोकरीत बेडी घालण्याआधी मी प्रत्येकाला विचारलं, तुमच्याकडे हे कसं करतात? त्या एका प्रश्नावर काही माणसं ठाण्यातूनच घरी गेली. आपण कोणामुळे सुटलो हे त्यांना कधी कळलं नाही. म्हणून त्यांच्याही वतीने त्या म्हाताऱ्याचे उपकार मीच मानतो.